भरतीचा ट्रॅक्टर

मी एक जुना ट्रॅक्टर आहे. मित्रांनो, संगमनेरच्या अलीकडे कालव्याकाठी भूमिपुत्र कृषी विद्यापीठाची शेती आहे, तिथल्या शेडमध्ये मी राहतो. आज विद्यापीठात भरती आहे आणि सकाळपासून माझं मन ठिकाणावर नाही.

मी नवा आलो तेव्हा बोनेटवर हळदकुंकू वाहून पुढे नारळ फोडला होता. ड्रायव्हर हनुमंतमामांनी मला पोटच्या लेकरासारखं जपलं. उसाच्या बेण्याचे प्लॉट मी नांगरले, पदवीदानाच्या मांडवाचं सामानही मीच ओढलं. थंडी असो की पाऊस, हा गडी पहिल्या किल्लीला चालू होतो, असं सगळे म्हणायचे. ते ऐकून मी फुलून जायचो.

पुढे नवा ट्रॅक्टर आला आणि माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. ड्रायव्हरची भरती निघाली की मात्र माझी आठवण होते. नव्याला ओरखडा नको म्हणून उमेदवारांची चाचणी माझ्यावर घेतात. ट्रॉली जोडून कालव्याच्या भरावावर चढायचं, वळायचं आणि उताराने खाली यायचं.

मला दोन ब्रेक आहेत, डाव्या चाकाला एक आणि उजव्याला एक. शेतात वळताना एकच दाबतात. रस्त्यावर मात्र दोन्ही पट्टीने जोडावे लागतात, नाहीतर एक चाक थांबतं, दुसरं धावतं आणि मी उलटतो. माझी ती पट्टी मोडली आहे. मामांनी तिथे तार बांधली आणि ऑफिसात पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, लिलावात जायचंय त्याला, खर्च कशाला? माझं ठीक आहे हो, पण वर बसणाऱ्याचं काय?

मामा आता निवृत्त होतायत. त्यांची एकच जागा भरायची आहे आणि फाटकाशी ही गर्दी.

पहिला रामहरी बसला. तार बघून म्हणाला, आधी ब्रेक नीट करा. साहेबांनी त्याला तिथेच उतरवलं, कारणं सांगणारे नकोत म्हणाले. रांगेने ते पाहिलं आणि त्यानंतर कुणी चकार शब्द काढला नाही. दुसऱ्याच्या वेळी तार निसटली. माझं पुढचं चाक कालव्यावर लोंबकळलं. त्याला नापास केलं, मला मागे ओढलं आणि मामांनी नवी तार पिळली.

आता पंकजा चढली आहे, पाथर्डीकडच्या ऊसतोड्यांची लेक. तिला नोकरी लागली तर तिच्या आईच्या, कडूबाईच्या हातातला कोयता सुटेल.

"पंके, उतर खाली," लिंबाखालून कडूबाई म्हणाली. "ऊस तोडून बी जगतो की आपन."

पंकजाने पायाशी पाहिलं. तार तिलाही दिसली.

"जागा एकच हाय, आई. तुला आता फडात जाऊ द्यायची न्हाई."

मित्रांनो, मला बोलता येत असतं तर मी ओरडलो असतो. ज्याच्यावर माणूस बसतो ते मोडकं ठेवू नका, आणि मोडलंय म्हणणाऱ्याला खाली उतरवू नका. मी फार घाबरलो आहे. देवा, आजचा दिवस मला बंद पडू दे.

पंकजाने किल्ली फिरवली.

मी पहिल्याच किल्लीला चालू झालो.