एकावन्न सालच्या खंडातलं पान

नेव्यानानं जिल्हा ग्रंथालयाच्या दारावर नोटीस लावली तेव्हा तिला वाटलं होतं, हे कोण वाचत बसणार. जिल्ह्याच्या जुन्या साप्ताहिकाचे सगळे अंक स्कॅन होऊन ईस्टरपर्यंत इंटरनेटवर येणार, एवढाच मजकूर होता. डॅन्यूब नदीकाठच्या त्या शहरात तरणीताठी माणसं उरलीच नव्हती. कुणी स्पेनला गेलं, कुणी जर्मनीला. वाचनकक्षात सकाळी येऊन बसायचे ते पेन्शनीतले म्हातारे. घरी एका माणसासाठी कुठे शेगडी पेटवा, त्यापेक्षा इथे फुकटची ऊब मिळायची आणि सोबत ताजं वर्तमानपत्र.

त्यांच्यातले रांगेलकाका रोज सगळ्यांच्या आधी यायचे. गुरांचे डॉक्टर म्हणून जन्म गेलेला. बायको वारलेली, मुलगाही गेलेला, मागे एकटी नात, रालित्सा, ती स्पेनला, वालेन्सियात. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ते हवामान वाचायचे, मग मृत्यूच्या बातम्या, आणि नेव्यानाला म्हणायचे, "आज आपला नंबर नाही लागला बघ, पोरी." नेव्याना बावन्न वर्षांची होती, पण त्यांच्या लेखी पोरच.

त्या दिवशी त्यांनी नोटीस दोनदा वाचली.

"सगळे अंक म्हणजे सगळे?" त्यांनी विचारलं.

"सगळे, काका. आता रालित्सा तिकडे बसून तुमच्या गावच्या बातम्या वाचेल."

"ती शोधतच असते काहीबाही. आमचं घराणं, आमचं आडनाव." ते नोटिशीपासून वळले. "एकावन्न सालचा खंड काढून देशील?"

इतक्या वर्षांत त्यांनी जुना खंड कधी मागितला नव्हता. नेव्यानाला बरं वाटलं. तिनं तळघरातून तो जाडजूड खंड आणला, चिठ्ठीवर त्यांची सही घेतली. तीन दिवस ते त्याच्यावर वाकून बसले होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी खंड परत केला, टोपी घातली आणि निघाले.

खंड जागेवर ठेवण्याआधी पानं तपासायची तिची सवय होती. मार्चच्या एका अंकातलं एक पान नव्हतं. शिलाईजवळ बोटभर रुंदीची कागदाची पट्टी तेवढी उरली होती, कापाच्या कडा ताज्या, पांढऱ्या.

नियमाप्रमाणे तिनं तेव्हाच मुख्य ग्रंथपालांना सांगायला हवं होतं. ती कोट चढवून रांगेलकाकांच्या घरी गेली.

त्यांनी दार उघडलं, तिला पाहिलं आणि बाजूला झाले. खोलीत गारठा होता. त्यांनी घेवड्याच्या सूपाचं भांडं टेबलावरून उचललं, तिला खुर्ची दिली.

"पान कुठेय, काका?"

"जाळलं."

"काय होतं त्यात?"

ते समोर पलंगाच्या कडेवर बसले. मग म्हणाले, "सोळा वर्षांचा होतो. बाप जमीन कम्युनिस्ट सरकारच्या सामुदायिक शेतीत द्यायला तयार होईना. गावात पाच-सहा जण तसे होते, पण माझा बाप, फ्लोरो, सगळ्यांत हट्टी. त्याला उचलून नेलं, नदीतल्या बेटावरच्या सक्तमजुरीच्या छावणीत. मला शाळेत बोलावलं. म्हणाले, असल्या बापाच्या पोराला इथे जागा नाही, पण तू पेपरात पत्र दिलंस तर बघू. मजकूर तयारच होता. 'मी रांगेल, या माणसाला आजपासून बाप मानत नाही. तो जनतेचा शत्रू आहे, त्याला कडक शिक्षा करा.' खाली माझं नाव, माझ्या गावाचं नाव. मी सही केली."

"सोळा वर्षांचे होतात."

"थांब, अजून आहे." त्यांनी हात वर केला. "आईला वाचता येत नव्हतं. पण कुणीतरी तिला सांगितलं, तुझ्या पोराचं नाव छापून आलंय. तिनं तो पेपर मिळवला, माझ्यासमोर धरला. म्हणाली, वाच. आणि मी वाचला. वाचला कसला, जुळवून सांगितला. म्हटलं, मी लिहिलंय की माझा बाप कष्टाळू माणूस आहे, त्याला घरी पाठवा. ती रडली. पेपराची घडी घालून पेटीत ठेवला, लग्नाच्या चादरींखाली. साऱ्या गावाला खरं ठाऊक होतं. पण तिला कुणी एका शब्दानं सांगितलं नाही."

नेव्यानानं अंगावरचा कोट घट्ट ओढून घेतला.

"दोन वर्षांनी बाप सुटून आला. चार दात पडलेले, अंगावर नुसती कातडी. आई त्याला जेवूही देईना. आधी पेटी उघडली. म्हणाली, बघ, पोरानं तुझ्यासाठी काय लिहिलं, ह्याच्यामुळेच सुटलास. बापाला वाचता येत होतं. मी दारात उभा होतो. त्यानं सगळं वाचलं, वरपासून खालपर्यंत. मग परत घडी घातली, तिच्या हातात दिली आणि म्हणाला, 'चांगलं लिहिलंय.' पुढे अकरा वर्षं जगला. त्या विषयावर माझ्याशी एक शब्द बोलला नाही."

बाहेर कुणीतरी जिना चढून गेलं. नेव्यानाला जे सांगायचं होतं ते सांगवत नव्हतं. पण न सांगणंही तिला जमेना.

"काका, राजधानीतल्या, सोफियाच्या मोठ्या ग्रंथालयात प्रत्येक अंकाची दुसरी प्रत असते. आपल्याकडचं पान गहाळ दिसलं की ते तिथून घेतात."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे मी उगाच चोरी केली."

"तुम्हीच रालित्साला सांगा. आत्ता मला सांगितलंत तसं. नाहीतर तिला नुसतं पत्र दिसेल."

"बापानं जे मरेपर्यंत झाकलं ते मी उघडं करू? स्वतःला वाचवायला?"

"मग मला का सांगितलंत?"

"तू चोर पकडायला आलीस. चोराला काहीतरी बोलावं लागतं," ते म्हणाले, आणि उठून दार उघडून उभे राहिले.

नेव्यानानं कुणाला काही कळवलं नाही. पण स्कॅन करणारी माणसं चोख होती. पानांचा आकडा जुळेना, तेव्हा त्यांनी सोफियाहून पान मागवलं. चिठ्ठीवरची सही मुख्य ग्रंथपालांनी पाहिली आणि रांगेलकाकांना वर्षभराची बंदी झाली. तसेही ते त्या दिवसापासून आले नव्हते. नेव्याना दोनदा वर्तमानपत्र घेऊन गेली; दार उघडलं नाही. तिनं ते पायपुसण्यावर ठेवलं.

जूनमध्ये रालित्साचा ग्रंथालयात फोन आला.

"आजोबा फोन उचलत नाहीत. मी त्यांना एकदाच विचारलं, पेपरातलं हे पत्र तुम्ही लिहिलंय का? तेव्हापासून. तुम्ही ओळखता ना त्यांना?"

नेव्यानानं तिला सगळं सांगितलं. पेटी, चादरी, आईला वाचून दाखवलेलं खोटं, फ्लोरोचे दोन शब्द.

"मी रागावून बोलले होते हो," रालित्सा म्हणाली. "ऑगस्टमध्ये रजा आहे. येते."

रांगेलकाका जुलैत गेले. दोन दिवस कुणाला पत्ता नव्हता. शेवटी शेजारणीला वास आला.

दफनाला रालित्सा पोचली नाही, ठरल्याप्रमाणे ऑगस्टमध्ये आली. घर रिकामं करून झाल्यावर ग्रंथालयात आली. नेव्यानानं चार कागद तयार ठेवले होते. काकांनी सांगितलेलं, आठवलं तसं, त्यांच्याच शब्दांत.

"हे त्या पानासोबत ठेवूया," ती म्हणाली. "तुझी परवानगी असेल तर."

रालित्सानं उभ्या उभ्या वाचलं. "त्यांनी तुम्हाला ठेवायला सांगितलं होतं?"

"नाही. ते नकोच म्हणाले होते."

"मग नको." तिनं कागदांची घडी घालून पर्समध्ये ठेवली, आणि सोफियाची बस किती वाजता सुटते ते विचारलं.

हिवाळ्यात कुणा विद्यार्थिनीचं पत्र आलं. मुलांनी आईबापांना जाहीरपणे नाकारल्याच्या पत्रांवर ती प्रबंध लिहीत होती, आणि मार्च एकावन्नमधलं रांगेलचं पत्र फारच बोलकं आहे म्हणून ते छापायची परवानगी तिला हवी होती. नाही म्हणायला नेव्यानाकडे कुठलाही नियम नव्हता. तिनं परवानगी देऊन टाकली.