वारंवार सूचना देऊनही

"मरायचंय का तुला? फुटपाथवर चढ आधी!"

चौकात ड्युटीवर उभ्या असलेल्या तिच्या ट्रॅफिक हवालदार दादाने शिट्टी तोंडातून काढून हे इतक्या मोठ्यांदा म्हटलं, की बसचा ड्रायव्हरसुद्धा खिडकीतून वाकून बघू लागला. सिस्टरने सायकल कडेला घेतली. कॅरिअरवर ड्रेसिंगच्या सामानाची पेटी होती आणि अजून चार पेशंटांची घरं व्हायची होती.

"सगळ्यांदेखत ओरडू नकोस रे दादा. रस्त्यावर असले की गाडीवाल्यांना मी दिसते तरी. फुटपाथवर दर दहा पावलांवर एकेक फाटक. कोण कधी बाहेर येईल, काय सांगावं?"

"बावीस वर्षं ट्रॅफिक बघतोय मी. मागच्याच आठवड्यात ट्रकने एकाला उडवलं, ह्या हातांनी उचललंय त्याला. तेव्हापासून सगळ्या सायकलवाल्यांना सांगतोय, वर चढा म्हणून."

"पण फुटपाथवर चालवायची नाही, असा नियम आहे ना?"

"ह्या चौकात नियम मीच!"

यावर तो हसला, तीही हसली. आई गेली तेव्हा ती आठ वर्षांची होती. शेजारच्या काकूंकडून वेण्या घालायला शिकून घेऊन दादा तिला रोज वाकडा भांग पाडून शाळेत पोहोचवायचा. त्याचा शब्द म्हणजे तिच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ. दुसऱ्या दिवसापासून ती फुटपाथवरून जाऊ लागली. चालणारे कुरकुरायचे. एका म्हाताऱ्याने तर "सिस्टर, तुम्हीसुद्धा?" म्हणून लाजवलं. ती उतरायची, माफी मागायची आणि पुढे जाऊन पुन्हा टांग टाकायची.

तिसऱ्या आठवड्यात छापखान्याच्या फाटकातून एक गाडी रिव्हर्समध्ये बाहेर आली. ड्रायव्हर रस्त्यावरची वाहनं बघत होता. उंच भिंतीआडून फुटपाथवर सायकल येईल, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. सिस्टरचा घोटा दोन ठिकाणी मोडला.

चौक वाऱ्यावर सोडून दादा धावत आला. रुग्णवाहिकेत तिच्यापेक्षा तोच जास्त रडला. सहा आठवडे एक संध्याकाळ चुकवली नाही त्याने. वहिनीने करून दिलेलं सूप आणायचा, तिचे केस विंचरून द्यायचा.

अपघात ड्युटीवर असताना झालेला, म्हणून प्लास्टर निघाल्यावर तिला आरोग्य खात्याच्या चौकशीला बोलावलं. अधिकारीण बाईंनी पोलिसांचा अहवाल वाचायला घेतला.

"'सदर महिलेस फुटपाथवर सायकल न चालवण्याबाबत वारंवार सूचना देऊनही तिने...'"

"पुन्हा वाचता का, मॅडम?"

मॅडमनी पुन्हा वाचलं. सिस्टरने कागद आपल्याकडे फिरवून घेतला. खाली दादाची सही होती. तारीख अपघाताच्या दुसऱ्या दिवसाची. त्या संध्याकाळी त्याने तिला चमच्याने भरवलं होतं, हे तिला लख्ख आठवत होतं. ही सही करूनच तो आला होता.

"तुमचं म्हणणं लेखी द्या उद्यापर्यंत," मॅडम म्हणाल्या.

संध्याकाळी दादा सूपचा डबा घेऊन आला. तिने डबा हातात घेतला नाही.

"तूच लिहिलंस?"

त्याने डबा खाली ठेवला. "साहेबांनी विचारलं, लोकांना फुटपाथवर कोण चढवतंय? काय सांगणार होतो? मनाने हुकूम दिले म्हणून घरी बसवलं असतं. एकच वर्ष राहिलंय गं नोकरीचं."

"मग मला माहीत नाही, असं लिहायचंस. 'वारंवार' कशाला लिहिलंस?"

"अहवालात तसंच लिहितात."

तिला वाटलं, एखादा परका गळा कापायला आला असता तर निदान ओरडता आलं असतं.

"घरातल्या घरात सांभाळून घे," दादा म्हणाला. "तुला काय, एक ताकीद मिळेल फक्त."

"जा तू दादा."

दुसऱ्या दिवशी तिने लिहून दिलं: मी फुटपाथवर होते हे खरं. मला सूचना मिळाली होती हेही खरं. सूचना फुटपाथवर चढण्याची होती.

"कुणी दिली?" मॅडमनी विचारलं.

"ज्यांनी हा अहवाल लिहिलाय, त्यांना विचारा."

कुणी विचारलं नाही. फाईल बंद झाली. तिला लेखी ताकीद मिळाली, दादाचं काहीच बिघडलं नाही.

कामावरच्या पहिल्या दिवशी ती रस्त्यावरूनच निघाली. घोटा अजून पुरता वळत नव्हता. चौकात दादाने तिला लांबूनच पाहिलं आणि दोन्ही हात वर करून चारही बाजूंची वाहनं थांबवली. मग एका हाताने तिला खुणावलं, ये, ये.

चौक रिकामा झाला. मागून हॉर्न सुरू झाले. "अहो बाई, जा की! तुमच्यासाठीच थांबवलंय," कुणीतरी ओरडलं. सिस्टरने चांगला पाय जमिनीवर टेकवला आणि पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे, बसच्या शेजारी, उभी राहिली.

दादाचा हात थोडा वेळ तसाच हवेत राहिला. मग तो खाली आला आणि त्याने तिच्या बाजूची सगळी रांग सोडली. बस निघाली, मोटारी निघाल्या. त्यांच्याबरोबर, आपली जागा न सोडता, समोर बघत ती त्याच्या शेजारून निघून गेली.