उजव्या बाजूचे दात

"भंगारात घाला ती करवत!" दादा म्हणाला. "पट्टी वाकलीय, वाकडंच कापते. दुपारी भंगारवाल्याला बोलावलंय मी."

माझं डोकंच फिरलं. बाबांची झाडं कापायची मशीन ती. त्यांचा खांदा पार गेला तेव्हापासून शेडमध्ये पडून होती. बाबांच्या मागे फांद्या ओढण्यात, ओंडके रचण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यांचा हात दुखला की अधूनमधून मशीन माझ्याकडे यायची, तेवढंच. आता त्यांचं काम मी चालवणार होते. करवत गेली, की पुन्हा कुणाच्या तरी मागे फांद्याच ओढायच्या.

"तुला कुणी विचारलं रे?" मी म्हटलं.

"सरळ काप घेऊन दाखव, मग ठेव खुशाल."

"दाखवते!"

बाबा खुर्चीत बसून ऐकत होते. 

शेडमध्ये जाऊन मी पट्टीवरची दातांची चेन उतरवली. अगं बाई गं! डिंक, तेल आणि भुसा मिळून नुसता काळा लगदा. करपलेली कढई बरी. चेन रॉकेलच्या डब्यात बुडवून ठेवली आणि तोवर पट्टीच्या खाचेतली घाण खिळ्यानं खरवडून काढली. मग पट्टी फरशीवर आडवी ठेवून बघितली. कुठेही फट नाही. वाकलीय म्हणे! याच्या तोंडाला कुलूप लावायला हवं.

चेन बाहेर काढून जुन्या टूथब्रशनं घासायला बसले. लगदा निघाला तसे दात दिसायला लागले. एक डावा, एक उजवा, असे आळीपाळीनं असतात ते. डावे कानशीनं झिजून आखूड झालेले आणि उजवे चांगले लांब. लांब दातांकडे करवत ओढली जाणारच.

मग माझ्या लक्षात आलं. उजव्या दातांना कानस लावताना बाबांना हात आडवा न्यावा लागायचा, खांद्यातून कळ यायची. तिकडे ते कानस नुसती टेकवत होते. आणि कापताना मशीनला डावीकडे रेट देत होते. मला वाटायचं, ती त्यांची ढब. गलबलून आलं मला, आणि रागही आला. सांगायला काय झालं होतं यांना?

सगळ्यांत आखूड दात माप धरला आणि उजवे दात त्याच्या बरोबरीला आणायला घेतले. कानस एकाच दिशेनं, आतून बाहेर. बोटांची सालं निघाली. दादा डोकावलाच. "काय, नखं घासतेस?"

"तुझं तोंड घासायला घेईन हं आता!"

दात सारखे झाले, तसे त्यांच्यापुढचे, दात लाकडात किती खोल जाणार ते ठरवणारे खुंटही थोडे उतरवले. चेन पुसली, तेल दिलं, पट्टीवर चढवून ताण बघितला.

दुपारी भंगारवाला गाडी घेऊन फाटकात उभा होता, दादा हाताची घडी घालून ओंडक्यापाशी. मी चष्मा चढवला, मशीन सुरू केली आणि पट्टी लाकडाला लावली. पिठासारख्या भुशाऐवजी जाड ढलप्या उडाल्या.

बाबा खुर्चीतून उठलेच. "डावीकडे रेट दे! अगं, डावीकडे!"

मी मानेनंच नाही म्हटलं. कामावर त्यांचा शब्द मी कधी मोडला नव्हता.

"ऐक ना, पोरी! जाईल ती उजवीकडे!"

मी हात सरळच ठेवला. ओंडक्याची चकती खाली पडली. दादानं तिला काटकोन तपासायचा गुण्या लावला, उलटसुलट करून पाहिला, आणि फाटकाकडे जाऊन भंगारवाल्याला परत पाठवलं.

मी मशीन बंद केली. बाबांनी चकतीवरून हात फिरवला. "पट्टी नवी घातलीस?"

"तीच आहे."

"आणि चेन?"

"तीच. धुतली फक्त."

त्यांनी चेनवर अंगठा ठेवला. डावा दात, उजवा दात, पुन्हा डावा. अंगठा थांबला. तेवढ्यात दादा परत येऊन शेजारी उभा राहिला. त्याच्यासमोर बाबांची मान खाली जाऊ द्यायची नाही, हे माझं ठरलेलं होतं.

"डिंक फार साचला होता, बाबा," मी म्हटलं. "त्यानंच ओढत होती ती."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग दादाकडे वळले.

"डिंक कसला? माझा खांदा होता तो," ते म्हणाले. "करवत हिची."