शगुफ्ताच्या फॉर्मवरचे गणित

मित्रांनो, आलापल्लीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात राहणारा मी म्हातारा सूक्ष्मदर्शक. अंबाल्याच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. भुसा भरलेल्या लाकडी पेटीतून मी रेल्वेने बल्लारशाहला उतरलो आणि तिथून एसटीच्या टपावर बसून या सागाच्या जंगलात आलो. पहिली बरीच वर्षे मोठ्या मानात गेली. कांद्याची पातळ साल, डबक्यातल्या पाण्याचा थेंब पाहायला मुले माझ्यापुढे रांग लावत. जीवशास्त्राच्या खोब्रागडे मॅडम माझी भिंगे स्वतः पुसत. ते काम त्या कुणाला देत नसत.

१९९६ साली शेजारच्या खोलीत इलेक्ट्रॉनिक्सचा वर्ग सुरू झाला. नवी टेबले आली, पंखे आले, चकाकते मीटर आले. हा विषय घेतला की जीवशास्त्र सुटते, दोनशे मार्क हाती येतात आणि इंजिनीअरिंगसाठी गणिताकडे लक्ष देता येते, हे मुलांना कळले. एकेक करून माझी मुले तिकडे गेली. त्या मीटरांवर पारदर्शक झाकणे होती. माझे कापडी कव्हर उंदरांनी कुरतडलेले. मला त्यांचा फार हेवा वाटे. वीज गेली की मी मनातून खूश होई. मला काय, खिडकीतला उजेड पुरतो.

पुढच्या वर्षी अकरावीत शगुफ्ता आली. तिचे वडील मुश्ताकभाई विजेच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून देत. शेजारच्या वर्गातल्या जागा भरल्या होत्या, म्हणून तिने गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतले. माझे फिरवायचे चाक कित्येक वर्षे अडकत होते. तिने ते पाहिले, वडिलांच्या दुकानातून पेचकस आणला, वाळून दगड झालेले ग्रीस खरवडले आणि नवे लावले. मी पुन्हा अलगद वर-खाली सरकू लागलो. मित्रांनो, त्या दिवशी मी ठरवून टाकले, ही मुलगी माझी. तिने माझ्या डोळ्यातून मिनिटभर पाहिले होते आणि माझ्या चाकाचे दाते अर्धा तास. तेव्हा मला ते दिसले नाही.

ऑगस्टमध्ये विषय कायम करायचे फॉर्म आले. जीवशास्त्राला दहाच मुले होती. दहाच्या खाली आकडा गेला तर तुकडी बंद होईल, असे प्राचार्यांनी मॅडमना बजावले होते. आदल्या वर्षी दोन्ही विषय घेतलेली चार मुले ऐन वेळी शेजारी निघून गेली होती. म्हणून मॅडमनी शगुफ्ताला जवळ बसवून समजावले की दोन्हींचे ओझे होईल, गणिताच्या जागी भूगोल घे. मुश्ताकभाई सहीसाठी आले, तेव्हा त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"बाई, ह्या विषयांवर पोरगी इंजिनीअर होते ना? तिले मोटारींचंच वेड आहे."

मॅडम फॉर्मकडे पाहत म्हणाल्या, "आधी अकरावी तर होऊ द्या, मग पाहू."

शगुफ्ताने गणितावर रेघ ओढली. मला आनंद झाला. भिंतीपलीकडच्या मीटरांना ती आता मिळणार नव्हती.

दिवाळीनंतर ती वडिलांबरोबर तांब्याची तार आणायला चंद्रपूरला गेली आणि जाता जाता इंजिनीअरिंग कॉलेजच्या ऑफिसात चौकशी करून आली. तिथल्या कारकुनाने तिला माहितीपुस्तक दाखवले. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित. गणिताशिवाय अर्जच घेत नाहीत. दुसऱ्या दिवशी ती आमच्या खोलीत आली. रडली नाही, आवाज चढवला नाही.

"मॅडम, तुमाले माहीत होतं?"

मॅडमच्या हातात माझे भिंग होते. ते त्यांनी हळूच खाली ठेवले.

"होतं," त्या म्हणाल्या.

त्यानंतर मॅडमनी जे केले, ते मला त्या वेळी मुळीच आवडले नाही. त्यांनी प्राचार्यांना अर्ज लिहिला आणि "चूक माझी आहे, मुलीची नाही," असे त्यात स्पष्ट मांडले. अकरावीची परीक्षा महाविद्यालयाच्याच हातात असते, म्हणून जीवशास्त्र सोडून गणित परत घ्यायची परवानगी तिला मिळाली. पण तीन महिन्यांचे गणित बुडाले होते. रोज कॉलेज सुटल्यावर शगुफ्ता आमच्याच खोलीत बसून ते भरून काढू लागली. गणिताच्या सरांनी तयार केलेल्या वह्या मॅडम स्वतः तिच्यासाठी मागून आणत. वह्यांना जागा हवी म्हणून मला टेबलाच्या कडेला सरकवले गेले. आता मी मीटरांवर नाही, त्या वह्यांवर जळू लागलो. एखादे गणित सुटले की ती त्यांच्याकडे पाहून हसे. माझ्याकडे पाहून ती तशी कधी हसली नव्हती.

जीवशास्त्राची मुले नऊ झाली. उन्हाळ्यात तुकडी बंद झाली आणि मॅडमची बदली मुलचेऱ्याला झाली. जाण्यापूर्वी त्यांनी मला पुसले, पेटीत ठेवले आणि किल्ली परिचर बुधूभाऊंकडे दिली.

१९९९ साली शगुफ्ताला चंद्रपूरला इलेक्ट्रिकलला प्रवेश मिळाला. ती दाखला न्यायला आली, तेव्हा अर्धा तास शेजारच्या खोलीत बसली होती, असे बुधूभाऊ बाहेर कुणाला तरी सांगत होते. माझ्या खोलीला कुलूप होते, हे खरे. पण तिने किल्ली मागितली नाही.

पेटीत मी सहा वर्षे होतो. ओलीने भिंगांवर बुरशी चढली. अंधारात हेवा करायला जवळ कुणीच नव्हते, तेव्हा मी पहिल्यांदा शांतपणे विचार केला. मला शगुफ्ता हवी होती. शगुफ्ताला काय हवे होते, हे मी एकदाही मनात आणले नव्हते. मॅडमना ते एका प्रश्नात कळले आणि त्यांनी त्यासाठी आपली खोली सोडली.

आता तुकडी पुन्हा सुरू झाली आहे. शेजारी संगणक आले आहेत आणि खरे सांगतो, मला त्यांचाही हेवा वाटतो. म्हणून मित्रांनो, दोन गोष्टी मागतो. माझ्या भिंगांना बोटे लावू नका, मला कोरड्या कपाटात ठेवा. आणि अकरावीचा फॉर्म भरताना कुणी मायेने एखादा विषय पुढे करत असेल, मग ते शिक्षक असोत, आईवडील असोत की माझ्यासारखा एखादा जुना सोबती, तर सही करण्यापूर्वी त्याला नम्रपणे विचारा, "हा विषय माझ्यासाठी आहे, की तुमच्यासाठी?"