नाकानं दिलेला होकार

मुंगीच्या आईनं टॅबला कुलूप घातलं तो रविवार होता, आणि त्या दिवशी ती स्वतःवर भलतीच खूश होती. सकाळभर ती जेवणाच्या टेबलाशी बसून एकेक रकाना भरत होती. खेळ रोज चार ते पाच. पाच वाजले की पडदा आपोआप बंद. विकत काही घ्यायचं नाही. आणि मुंगीशी कुणाला मैत्री करायची असेल, गप्पा मारायच्या असतील, तर आधी मुंगीनं टॅबवरून आईच्या फोनवर विचारणा पाठवायची. आई हो म्हणाली तरच पुढचं.

"झालं का एकदाचं?" बाबांनी सोफ्यावरून विचारलं.

"झालं. आता माझ्या परवानगीशिवाय आत मुंगी शिरायची नाही."

"अगं, पण शिरणार मुंगीच आहे ना?"

मुंगी नऊ वर्षांची होती. शाळेतलं नाव दुसरंच, पण चालायला लागल्यापासून हाताला लागेल ते उचलून घरभर वाहून नेई. चमचे, मोजे, बाबांचा पाना. म्हणून मुंगी. तिचा जीव सध्या ज्या खेळात अडकला होता त्यात प्रत्येकाचं एक बेट असे. बेटावर झाडं लावायची, घरं बांधायची, पूल टाकायचे आणि होडीत बसून दुसऱ्याच्या बेटावर पाहुणं जायचं. वर्गातल्या अर्ध्या मुली या बेटांवर राहायला गेल्या होत्या. जेवायला तेवढ्या घरी येत.

सोमवारपासून विचारणा सुरू झाल्या.

आई कवळ्या बनवण्याच्या कारखान्यात कामाला होती. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, दोन टेबलं, एक भट्टी, भिंतीवरच्या फळ्यांवर ओळीनं मांडलेले लोकांचे जबडे, आणि मास्तर. मास्तरांची चाळीस वर्षं दातांत गेली होती. साडेतीनला दातांच्या दवाखान्यांतून ठशांचे डबे येत. कुणाच्या हिरड्यांचे, कुणाच्या उरल्यासुरल्या दातांचे. ते ठसे आले की लगेच प्लॅस्टर कालवून त्यात ओतायचं, म्हणजे त्या माणसाचा जबडा हुबेहूब टेबलावर येतो. हे काम आईचं. आणि प्लॅस्टर कुणासाठी थांबत नाही. कालवल्यापासून सात-आठ मिनिटांत ते घट्ट होतं, मग तुम्ही त्याला कितीही विनवा.

आता योग असा, की मुंगीचा खेळ चार ते पाच आणि आईचं प्लॅस्टरही चार ते पाच. हात मनगटापर्यंत पांढरे, एका हातात डबा, दुसऱ्या हातात कालवायचं पातं, आणि शेजारी टेबलावर फोन थरथरतोय. कुणीतरी मुंगीच्या बेटावर येऊ इच्छितं, परवानगी द्यावी?

पहिल्या दिवशी तिनं हात धुतले, पुसले, फोन उचलला. तोवर प्लॅस्टरचा दगड झाला. मास्तरांनी नुसता तो प्लॅस्टरचा डबा उचलून तिच्यासमोर उलटा धरला. आतून काहीही पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं युक्ती काढली. फोन डब्याला टेकवून उभा ठेवायचा, वाकायचं आणि नाकाच्या शेंड्यानं दाबायचं. हिरवं बटण चांगलं ऐसपैस होतं, नाक बरोबर त्यावर बसे. 'नाही'चं बटण मात्र कोपऱ्यात, आणि ते दाबलं की फोन कारण विचारी. कारणांची यादी इतक्या बारीक अक्षरांत, की तिथं नाकाचं काय, सुईचंही काम नव्हतं. त्यामुळे 'नाही' म्हणायचं असलं तर हात धुणं आलं. 'हो' म्हणायला नाक पुरे.

"आज किती जणांपुढे नाक घासलंस, पोरी?" मास्तर विचारत.

"तिघांपुढे, मास्तर."

"कोण होते?"

"असतील वर्गातल्या कुणीतरी. टोपणनावंच असतात त्यात. कॅप्टन वाटाणा, उडती चप्पल, असलं काहीबाही."

"उडती चप्पल आमच्याही घरी होती," मास्तर म्हणत. "माझ्या आईकडे."

दोघं हसत, आणि पुढचा डबा समोर येई.

असे दोन महिने गेले. पाचला टॅब बंद होई, मुंगी कुरकुर न करता शेजारच्या काकूंकडे जाऊन बसे, साडेपाचला आई येई. आई ओळखीच्या बायकांना सांगू लागली, "आमच्याकडे अजिबात कटकट नाही हो. सगळं सेट करून टाकलंय."

मग एका संध्याकाळी ती पलंगावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मुंगी पालथी पडून पाय हलवत होती. अगदी सहज, पाणी देतेस का म्हणावं तशा आवाजात, ती म्हणाली, "आई, आपण कुठे राहतो ते कासवाला सांगू ना?"

"कुठल्या कासवाला?"

"शांतकासव गं. तो विचारत होता. मी म्हटलं, आईला विचारते."

घडी घालता घालता आईचे हात थांबले. "हा कोण?"

मुंगी उठून बसली आणि हसली. आई मुद्दाम गंमत करतेय असं तिला वाटलं असावं. "असं काय करतेस? तूच हो म्हणालीस ना त्याला. आधी मैत्रीला म्हणालीस, मग गप्पांना म्हणालीस. तू ओळखतेस म्हणूनच म्हणालीस ना?"

आईनं हातातला शर्ट मांडीवर ठेवला. ओरडावंसं वाटलं, पण ओरडायचं कुणावर, तेच समजेना. "टॅब आण बघू," ती जमेल तितक्या साध्या आवाजात म्हणाली. "मला वाचून दाखव, काय काय बोलणं झालं."

मुंगीनं आनंदानं वाचून दाखवलं. कासवानं तिला बेटावर दगडी पूल बांधून दिला होता. तुझं बेट सगळ्यांत सुंदर आहे, असं म्हटलं होतं. मग शाळा किती वाजता सुटते. घरी कोण असतं. आई किती वाजता येते. "मी साडेपाच सांगितलं," मुंगी म्हणाली, "आणि काकू शेजारी आहेत तेही." शेवटचा निरोप कालचा होता. दुसरीकडे बोलू या का? तिथे आईला विचारावं लागत नाही.

"यावर तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, आईला विचारलेलं बरं असतं."

आईनं तिला जवळ ओढलं. मुंगीच्या केसांना खडूचा वास येत होता. तिनं पुन्हा एकदा शेवटची ओळ वाचली, आणि मग जी सगळ्यात सोपी गोष्ट बोलता आली असती ती तिच्या अगदी ओठांवर आली. चुकून दाबलं गेलं असेल गं, फोनचंच काहीतरी बिघडलंय. मुंगीला ते पटलं असतं. फोनवर तिचा तसाही विश्वास नव्हता. तिचा विश्वास होता तो आईवर.

मेणातली कच्ची कवळी डॉक्टरांनी त्या-त्या माणसाच्या तोंडात बसवून बघितल्याशिवाय आई पक्की करत नसे. कुणा परक्या आजोबांचा एक दात केसभर उंच राहू नये म्हणून ती डॉक्टरांशी फोनवर वाद घाली. आणि इथे?

"मुंगी, मी त्याला ओळखत नाही," ती म्हणाली. "मी बघितलंच नव्हतं. कामात हात भरलेले असायचे, तेव्हा न वाचता हो करत होते. नाकानं."

"नाकानं?" मुंगीला क्षणभर हसू आलं. मग ते विरलं. "सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"एकदाही नाही वाचलंस?"

"पहिल्या दिवशी वाचलं होतं."

मुंगी तिच्या मिठीतून हळूच सुटली. "मग मी रोज विचारत कशाला होते?" एवढं म्हणून ती दुसऱ्या खोलीत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर आईला बरं वाटलं असतं.

बाबा लिफ्ट दुरुस्तीची कामं आटोपून आले तेव्हा आईनं त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी बूटही न काढता टॅब मागितला. "बंद करून टाकू हे थेर. कपाटात ठेवायचा, किल्ली माझ्याकडे. तू कंट्रोल लावला होतास ना म्हणे?"

"लावला होता. कंट्रोल विचारत होता, मीच ऐकत नव्हते." ती जरा थांबली. "आणि अरे, तुझाही नंबर मी त्यात घातला होता, त्या विचारणा दोघांच्या फोनवर येतात. तुझ्या फोनवर येत नाहीत का?"

बाबांनी मान खाजवली. "येत होत्या. फार वाजायचं. मी आवाज बंद केला."

दोघंही बसले. थोड्या वेळानं बाबांनी बूट काढले.

"कपाटात ठेवला तर काय होईल माहितीय?" आई म्हणाली. "पोरीनं विचारलं, आणि विचारलं म्हणून तिचाच टॅब गेला. पुढच्या वेळी ती विचारेल का?"

"नाही विचारणार," बाबा म्हणाले. "मी तरी नसतं विचारलं."

मग त्यांनी जे करायचं ते केलं. कासवाच्या बोलण्याचे फोटो काढून ठेवले, त्याला अडवलं, खेळवाल्यांकडे तक्रार लिहिली. वर्गातल्या दोन मुलींच्या बेटांवरही तो दिसत होता, म्हणून आईनं त्यांच्या आयांना फोन केले. "आमच्याकडे अजिबात कटकट नाही," असं ती ज्यांना ऐटीत म्हणाली होती त्याच या दोघी. एक घाबरली, दुसरी म्हणाली, "अगं बाई, मी तर ते सेटिंग काढूनच टाकलंय, सारखं विचारतं." मग तिघींनी मिळून फोनवर एकेक नाव तपासलं. शेजारच्या काकूंनाही जाऊन सांगितलं, की उद्यापासून मुंगी शाळेतून थेट तुमच्याकडे येईल, आणि दाराची बेल वाजली तर मुंगीनं नाही, तुम्ही उघडायचं.

दुसऱ्या दिवशी आईनं मुंगीला शेजारी बसवून यादी उघडली. एकतीस जण. मुंगी गुडघ्यांवर हनुवटी ठेवून बसली होती.

"ही कोण?"

"वर्गातली."

"हा?"

"माहीत नाही."

"मग काढू?"

"तुला हवं ते कर."

नऊ जण उरले. आईनं खेळाची वेळ बदलून सहा ते सात केली, आपण घरात असू तेव्हाची, आणि विचारणा आता टॅबवरच येतील, त्या दोघींनी मिळून बघायच्या असं ठरवलं. ठरवलं म्हणजे ती बोलली आणि मुंगीनं मान हलवली.

त्या आठवड्यात एकही विचारणा आली नाही. मुंगी सहाला टॅब घेई, बेटावर एकटीच झाडांना पाणी घाली, सातला ठेवून देई. कुणी आलं का, असं विचारलं तर "नाही". कुणाला बोलवायचंय का? "नको." कारखान्यात फोन आता वाजणार नव्हताच, तरी आईचं लक्ष दर दोन मिनिटांनी तिकडेच जाई.

"वाजत होता तेव्हा कटकट, वाजत नाही तर जास्त कटकट," मास्तर म्हणाले. "पोर रुसलीय का?"

"रुसली असती तर समजूत काढली असती, मास्तर. ती विचारायचीच बंद झालीय."

मास्तरांनी हातातला जबडा उजेडात धरून पाहिला. "ठसा बिघडला तर आपण काय करतो?"

"परत घेतो."

"आणि दुसऱ्यांदा माणूस तोंड उघडायला कंटाळा करतो. कुणीही करील. तू डबा घेऊन बसून राहा."

म्हणून ती बसून राहिली. सहा ते सात तिनं दुसरं काही हातात घेतलं नाही. कपडे नाही, फोन नाही. मुंगीच्या शेजारी बसून ती बेटाकडे बघे. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. "ही होडी बुडत कशी नाही?" "हे झाड निळं का?" मुंगी आधी एका शब्दात उत्तर देई. मग दोन शब्दांत. पाचव्या दिवशी आईनं टॅब हातात घेऊन पडद्यावरच्या मुंगीला पुलावरून चालवताना तीनदा समुद्रात पाडलं, तेव्हा मुंगी वैतागून म्हणाली, "आई, तुझ्याच्यानं साधं सरळही चालवत नाही का गं?" आणि आईला इतकं बरं वाटलं, की ती मुद्दाम चौथ्यांदा पडली.

सहाव्या दिवशी विचारणा आली. मुंगीनं टॅब उचलून आईच्या मांडीवर ठेवला आणि ती बाजूला बघत राहिली.

आईनं नाव वाचलं. मोठ्यानं वाचलं. "वेडा धूमकेतू. हा कोण?"

"तो खूप भारी बेटं बांधतो. सगळ्या म्हणतात."

"सगळ्या म्हणजे कोण? त्याला प्रत्यक्षात कुणी बघितलंय?"

मुंगी विचार करत राहिली. "नाही."

"शाळेतला आहे?"

"माहीत नाही."

आईनं त्याचं बेट उघडायला लावलं. दुसऱ्या मैत्रिणींच्या यादीत तो आहे का ते पाहिलं. वेळ लागला. मुंगी चुळबुळत होती, पण तिनं घाई कर म्हटलं नाही. शेवटी आईनं कोपऱ्यातलं बटण बोटानं दाबलं, आणि कारणांची ती बारीक यादी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचली. "आम्ही याला ओळखत नाही," हे तिनं निवडलं.

"नाही?" मुंगीचा चेहरा पडला. "तो काही वाईट नसेल पण, आई."

"नसेलही. पण आपल्याला माहीत नाही ना."

"पण त्याच्याकडे धबधबा आहे!"

"असू दे."

मुंगी उठली, गाल फुगवून खिडकीशी जाऊन उभी राहिली, आणि तिथंच पुटपुटली की या घरात कधीच काही मिळत नाही. आई जागेवरून हलली नाही. टॅब तसाच मांडीवर होता.

थोड्या वेळानं मुंगी परत आली. आईच्या दंडाला टेकून बसली. अजून गाल फुगलेलेच होते. पडद्यावर आणखी एक नाव थरथरत होतं.

"आणि ही?" ती म्हणाली. "हिला पण बघ."