मावशीचा शुद्ध लेप

"नैसर्गिक आहे" असं कुणी म्हटलं की शहाणीसुरती माणसंही पुढचं काही विचारत नाहीत. जशी काही बुरशी कारखान्यातच तयार होते! झिपरीनेही कधी काही विचारलं नव्हतं, आणि आता तिला सगळ्यात जास्त राग त्याचाच येत होता. तिला जाग आली ती चष्म्याच्या दुकानात, एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या नाकामुळे.

त्या दुकानात ती चष्मे बसवून द्यायची. कानामागच्या काड्या वाकवायच्या तर गिऱ्हाइकाच्या अगदी जवळ जावं लागतं. ती वाकली, तसं आजोबांनी नाक फेंदारलं.

"पोरी, कुठंतरी ओलं फडकं राहिलंय वाटतं. कुबट वास येतोय."

तिने काउंटरखाली पाहिलं, खण उघडून पाहिले, कोपऱ्यातली बादलीसुद्धा हुंगून आली. शेवटी डोक्यावर गुंडाळलेला केसांचा भारा सोडला, त्यातली एक जट नाकाशी धरली. वास तिथूनच येत होता.

त्या जटा म्हणजे तिचा जीव की प्राण. सात वर्षांपूर्वी तिने त्या हौसेने वळून घेतल्या, तेव्हा आईने आकाशपाताळ एक केलं होतं. "घरात कंगवे कमी होते का गं?" म्हणून रडली होती. झिपरी हे नाव आईनेच रागाच्या भरात ठेवलं आणि पुढे तेच लाडाचं झालं. तिची बाजू घेतली ती एकट्या मावशीने. मावशीचं पार्लर होतं, तिच्या स्वतःच्याही पाठीवर जटा रुळत होत्या. तिने भाचीला स्टुलावर बसवलं आणि बोटं भरून येईपर्यंत एकेक बट वळून दिली. जटा कमरेपर्यंत वाढल्या. रस्त्यात अनोळखी बायका थांबवून चौकशी करू लागल्या. मग आईसुद्धा पाहुण्यांसमोर "आमच्या झिपरीचे केस" असं तोऱ्यात सांगू लागली.

आणि मग मावशीने लेप काढला. कोरफडीचा गर, मध, जवस उकळून काढलेला चिकट रस, खोबरेल आणि वर मधमाश्यांचं मेण. "खाल्लं तरी अपाय नाही!" असं ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची. खायचंच होतं तर डोक्याला कशाला थापायचं, हे कुणालाच सुचलं नाही. बरणीवर झिपरीचा पाठमोरा फोटो होता. तिचे केस बघून बायका बरणी उचलायच्या.

झिपरी तर घरचीच. ती दर आठवड्याला मुळापासून टोकापर्यंत लेप चोपडायची. शाम्पूला हात लावायची नाही, कारण साबणाने टाळू मरते असं मावशीने बजावलं होतं. खाज सुटली की मावशी म्हणे, टाळू जागी होतेय. पुरळ आलं की म्हणे, आतली घाण बाहेर पडतेय. लेपाकडे प्रत्येक दुखण्याचं उत्तर तयार होतं.

दुकान सुटताच झिपरी तडक पार्लरमध्ये गेली. बाकावर दोन बायका बसल्या होत्या. त्यातल्या एक जवळच्या शाळेतल्या बाई, मांडीवर लेपाची नवी कोरी बरणी घेऊन.

"मावशी, माझ्या केसांना वास येतोय."

"हळू बोल की!" मावशीने तिला आत ढकललं आणि मागोमाग येऊन दार लावून घेतलं. "लेप कमी पडत असेल. जा, नुसत्या पाण्याने धू, मग मी लावून देते."

आतल्या न्हाणीघरात फळीवर शाम्पूची मोठी बाटली होती. साध्या दुकानातली, अर्धी वापरलेली. शेजारी केस वाळवायचं मशीन होतं, टॉवेल होता, मावशीची रोजची टोपी होती. लेपाची बरणी मात्र औषधालाही नव्हती.

"मावशी, तू नाही लावत लेप?"

"माझी टाळू निराळी आहे गं."

"निराळी कशी? आईची, तुझी, माझी, सगळ्यांची सारखीच कोरडी आहे. तूच सांगतेस."

"अगं, मला ते मेण काही केल्या निघेना, म्हणून मी..." मावशीने जीभ चावली.

झिपरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे तुला माहीत होतं? मी इथं येऊन खाजेने रडत होते, आणि तू वर आणखी दोन बोटं लेप लावत होतीस?"

"मला वाटलं, तुला सोसेल. सगळ्या येतात त्या तुझे केस बघून..."

झिपरीने फळीवरची कात्री उचलली आणि एक जट उभी चिरली. आत करडा, ओलसर लगदा होता, त्यावर काळे ठिपके. मेणाखाली पाणी कोंडलं होतं, ते कधी वाळलंच नव्हतं. दुसरी चिरली. तिच्यातही तेच.

"बुरशी जाते का, व्हिनेगरमध्ये बुडवून बघू या?" मावशीने विचारलं, पण तिचा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता.

"काप."

"सगळ्या?"

"तू वळल्यास ना? मग तूच काप."

ती बाहेर येऊन आरशासमोरच्या खुर्चीत बसली. मावशीने गळ्याभोवती कापड बांधलं आणि कापायला सुरुवात केली. ओल्या, जड जटा धपकन फरशीवर पडत होत्या. मावशी रडत होती. झिपरीही रडत होती. लाल पुरळाने भरलेलं ते बोडकं डोकं आरशात दिसलं तेव्हा मावशीने त्यावर आपला थंड तळवा अलगद ठेवला, आणि झिपरीचा राग खरंच विरघळायला लागला. कितीही झालं तरी मावशीच ती. चुकली, पण आपलीच.

"अगंबाई!" शाळेतल्या बाई म्हणाल्या. "इतके सुंदर केस का कापले?"

मावशी कात्री पुसू लागली. झिपरी आरशातून तिच्याकडे बघत राहिली. सांग ना, ती मनात म्हणत होती. एकदा खरं सांगून टाक, मग मी आयुष्यात कधी हा विषय काढणार नाही.

मावशीने पदराने डोळे पुसले आणि हसली. "कंटाळा आला म्हणे! आजकालच्या मुली, दुसरं काय. लहरी आहे आमची झिपरी."

झिपरी उठली. गळ्यातलं कापड तसंच ठेवून तिने फरशीवरची सगळ्यात जाड जट उचलली, मावशीच्या हातातून कात्री ओढून घेतली, जट मधोमध चिरली आणि शाळेतल्या बाईंच्या नाकाखाली धरली.

"वास घ्या. नीट घ्या. तुमच्या मांडीवर आहे ना, तेच लावून हे झालंय. मी दर आठवड्याला न चुकता लावलंय."

बाईंनी वास घेतला आणि तोंडावर हात दाबला.

"झिपरे!" मावशी मागून ओरडली. "अगं, माझं पोट आहे त्यावर!"

झिपरीने ते ऐकलं. मग खाली वाकून तिने बाकावरच्या दुसऱ्या बाईंसाठी दुसरी जट उचलली.