गुरुवारचा दवाखाना

शेलूपासून नदीच्या अंगाने गेलं की पंधरा-वीस घरांची एक वाडी लागते. तिथे गोदूबाईचं घर. नवरा सखा भातशेती करायचा आणि भात निघालं की त्याच वावरात वाल टाकायचा. दोन लेकरं होती, थोरला पदू आणि धाकटी ठमी. पदू मॅट्रिक झाला तेव्हा वाडीतला तो पहिलाच. नेरळच्या भाताच्या गिरणीत त्याला काम लागलं, आणि गोदूबाई चार बायकांत जरा मान वर करून बोलायला लागली.

एकोणीसशे सत्त्याहत्तरच्या दिवाळीनंतर एका दुपारी पदू कामावरून लवकर घरी आला आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला.

"बरं नाय का रं?" गोदूबाईने विचारलं.

"आये, पट्टा माझं नाव घेतो."

"कसला पट्टा?"

"गिरणीचा. दिसभर घेतो. आन वंगाळ बोलतो."

तिला वाटलं, ऊन लागलं असेल. पण दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला नाही, तिसऱ्याही नाही. मग रात्रीचा डोळ्याला डोळा लागेना. आपल्याशीच बोलायचा, मध्येच कान झाकून घ्यायचा. हे सगळं गोदूबाईने सोसलं. पण एका सकाळी तिने तांदळाची भाकरी पुढे ठेवली, तेव्हा त्याने ती उलटीसुलटी करून पाहिली आणि शांतपणे विचारलं, "ह्यात काय घातलंस?" त्या दिवशी ती गोठ्यात जाऊन रडली. एकवीस वर्षं ज्या हाताचं खाल्लं, त्या हाताची त्याला भीती वाटत होती.

सखाने भगत आणला. कोंबडा झाला, लिंबं झाली, मिरच्यांची धुरी झाली. धुरीने पदूचे डोळे आठवडाभर सुजले होते. वाडीत सांगितलं, पोराला कावीळ झालीय.

माघात दारात एक बाई आली. खांद्याला कापडी पिशवी आणि पायात रबरी चपला. तिचं नाव आनंदीबाई, राहणार दहिवली. गोदूबाईला ती कुटुंब नियोजनवाली वाटली. अशा बाया तेव्हा गावोगाव फिरायच्या आणि लोक त्यांना पाहून दारं लावून घ्यायचे. पण हिने फक्त पाणी मागितलं. पाणी पिताना तिची नजर आतल्या कोपऱ्यात गेली.

"किती दिवस झाले याला?"

"कावीळ हाय."

"कावीळ नाही, बाई," ती हलकेच म्हणाली. "माझा भाऊ असाच होता. तेव्हा कुणी सांगणारं नव्हतं."

तिनेच सगळं सांगितलं. सोळा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींच्या मनाच्या आजारासाठी सरकारने एक योजना काढली होती, तीन वर्षांची. दहिवलीत भाड्याच्या दोन खोल्या घेतल्या होत्या. दर गुरुवारी मुंबईहून डॉक्टर कारखानीस यायचे, औषध फुकट मिळायचं. आनंदीबाई गावोगाव फिरून अशी मुलं शोधायची. "हा ताप येतो तसाच आजार आहे," ती म्हणाली, "फक्त डोक्यात येतो."

सखाला ते पटलं नाही, पण त्याने अडवलंही नाही. गोदूबाई पदूला घेऊन गाडीने कर्जतला गेली, तिथून पूल ओलांडून दहिवलीला. डॉक्टर चाळिशीचे, चष्मा लावणारे आणि फार हळू बोलणारे होते. त्यांनी पदूला विचारलं, "पट्टा काय म्हणतो?" असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. पदू अर्धा तास बोलत राहिला, आणि गोदूबाई ऐकत राहिली. पोटचा पोर कुठल्या जाळात उभा आहे, ते तिला त्या दिवशी कळलं.

मग डॉक्टरांनी वही ओढली. "नाव?"

"नाव नका लिवू, डाक्टर," गोदूबाई म्हणाली. "पोरीचं लगीन ठरवायचं हाय. कुनी वाचलं तं?"

"ही वही कुणी वाचत नाही, बाई. पण नाव लिहिलं नाही तर सरकारच्या लेखी हा आलाच नाही."

"नको. तुमच्या पाया पडते."

डॉक्टरांनी वही मिटली आणि एका कोऱ्या कागदावर नुसता आकडा लिहिला, एकतीस. तो कागद तिच्या हातात दिला. "दर वेळी हा दाखवा," ते म्हणाले. "नाव मी कुणाला सांगणार नाही."

दर पंधरा दिवसांनी एक सुई आणि रोजच्या दोन गोळ्या. पहिले दोन महिने पदूचे हात थरथरायचे, तोंड कोरडं पडायचं. पण चैत्रात एक दिवस तो उठून विहिरीवर गेला आणि दोन हंडे भरून घेऊन आला. ज्येष्ठात त्याने बापाबरोबर पालापाचोळ्याचा राब भाजलेल्या जागेत भात पेरलं. एका रात्री जेवताना त्याने ताट पुढे केलं, "आये, अजून एक भाकर वाढ." गोदूबाईने भाकरी वाढली आणि चुलीकडे तोंड वळवलं. पट्टा गप्प झाला होता.

गुरुवारी दहिवलीला गेलं की खोल्यांसमोरच्या आंब्याखाली माणसं बसलेली असायची. बाया पदर पुढे ओढून, बापे टोपी खाली करून. कुणी कुणाला गाव विचारायचं नाही. मोकळेपणाने पडवीत जाऊन बसणारे थोडे. बाकीचे पडवी रिकामी होईपर्यंत आंब्याखालीच. बहुतेकांच्या हातात गोदूबाईसारखाच कागद असायचा.

अशी दोन वर्षं गेली. पदू पुन्हा गिरणीत जायला लागला. खालापूरकडच्या एका चांगल्या घरातून ठमीला मागणी आली. मुलगा कान्हा, शेती दोन बैलजोडांची. मुलाची आई अंबाबाई स्वतः येऊन मुलगी पाहून गेली. तेव्हा पदूनेच चहा नेऊन दिला आणि गोदूबाई आत उभी राहून त्याच्या हातांकडे पाहत होती. कप हलला नाही.

ऐंशीच्या पौषात आनंदीबाई पुन्हा दारात आली. या वेळी तिने पाणीही मागितलं नाही.

"गोदूबाई, अलिबागहून साहेब येणार आहेत, पुढच्या गुरुवारी. योजना पुढे चालवायची की बंद करायची ते ठरवायला. वहीत नावं किती आहेत ठाऊक आहे? चौदा. येतात साठाच्या वर."

"मंग?"

"साहेब वही बघणार. चौदा पोरांसाठी सरकार कशाला खर्च करेल? त्या दिवशी या. पदूचं नाव सांगा. तेवढंच करा."

"पोरीची सुपारी फुटायचीय, बाई."

"ठाऊक आहे. प्रत्येक घरी काहीतरी आहेच." आनंदीबाई उंबऱ्यावर टेकली. ती दमलेली दिसत होती. "तरी या."

गोदूबाई गेली. सखाला न सांगता, पदूला घेऊन गेली. सांगायचं, असं ठरवूनच निघाली होती. आंब्याखाली त्या दिवशी कधी नव्हे इतकी माणसं होती. सगळे नाव सांगायला म्हणून आले होते आणि सगळे बसून होते. पडवीत टेबलामागे दोन साहेब होते, बाजूला डॉक्टर आणि आनंदीबाई. एक साहेब वहीची पानं उलटत होता. पडवीपासून आंबा वीस पावलं, बोललेलं नीट ऐकू येत होतं.

"चौदाच?"

"वहीत चौदा," डॉक्टर म्हणाले. "येणारे जास्त आहेत. नाव द्यायला घाबरतात."

"असं कसं लिहू मी, डॉक्टर? मला नावं लागतात." साहेबाने मान वर केली आणि आंब्याकडे बोट केलं. "ती माणसं कोण आहेत?"

आनंदीबाईने आंब्याकडे पाहिलं. तिचे डोळे एकेका तोंडावरून फिरत गेले, गोदूबाईच्या तोंडावरूनही. कुणीतरी उठेल म्हणून गोदूबाई शेजारणीकडे पाहत होती आणि शेजारीण जमिनीकडे. एक जरी उठला असता, तर सगळे उठले असते.

पदू तिच्या कानाशी म्हणाला, "आये, मी जातो. मी सांगतो माझं नाव. मला लाज नाय वाटत."

तो उठत होता. गोदूबाईने त्याचं मनगट धरलं. "बस," ती म्हणाली. "दुसरं कुनी उठू दे."

पदू बसला.

डॉक्टर आंब्याकडे पाहतच होते. ही माणसं कोण, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पण त्यांनी शब्द दिला होता. "सावलीला बसलीत," ते म्हणाले. "एसटीची वाट बघत असतील."

साहेबाने वहीवर सही केली.

मार्चअखेर खोल्या बंद झाल्या. शेवटच्या गुरुवारी डॉक्टरांनी पदूला सुई दिली, दीड महिन्याच्या गोळ्या दिल्या आणि ठाण्याच्या इस्पितळाच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली. "गोळ्या संपायच्या आत जा. अंगात औषध आहे तोवर तो बरा वाटेल, त्यावर भुलू नका." त्यांनी पदूच्या पाठीवर हात ठेवला. गोदूबाईने चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधली.

सखाने चिठ्ठी पाहिली आणि म्हणाला, "ठान्याला? अख्ख्या वाडीला म्हायती हाय, ठान्याला कुनाला नेतात. लगीन होऊ दे, मंग बगू."

वैशाखात लग्न झालं. पदूने मांडव घातला, पंगतीत वाढलं, वऱ्हाडाच्या बैलांना पाणी पाजलं. ठमी सासरी जाताना भावाच्या गळ्यात पडून रडली. गोळ्या त्याच आठवड्यात संपल्या. तो बरा दिसत होता, आणि घरात कुणी ठाण्याचं नाव काढलं नाही. मग पेरणी आली, आणि मग रोपांची आवणी.

आषाढात पदू झोपेनासा झाला. गोदूबाई सखाला म्हणाली, "अवो, आता उशीर नको." सखा म्हणाला, "एवढी चार वावरं लावून होऊ दे." तिसऱ्या दिवशी पहाटे पदूचं अंथरूण रिकामं होतं.

नऊ दिवस शोधलं. नदीकाठ, भिवपुरीकडचं रान, कर्जतचं एसटी स्टँड, सगळं पालथं घातलं. सखा तर ठाण्यालाही जाऊन आला. ज्या दाराशी त्याला जायचं नव्हतं, तिथेच हात जोडून विचारत होता. दहाव्या दिवशी खालापूरहून माणूस आला. पदू ठमीच्या घरी होता. तो चालत गेला होता, पावसात, कुठून कुठून कोण जाणे. सातव्या दिवशी तो ठमीच्या अंगणात पोहोचला, तेव्हा त्याच्या पायांची सालटी निघाली होती आणि अंगात ताप होता. आपल्याच बहिणीला तो ओळखत नव्हता.

गोदूबाई आणि सखा गेले ते माना खाली घालून. आता पोर तर हातचं गेलंच, पोरगीही परत यायची, असं दोघांच्याही मनात होतं. अंबाबाई ओटीवर बसली होती. पदू तिच्या शेजारी घोंगडीवर पडला होता, आणि ती त्याच्या पायांना खोबरेल लावत होती.

"या विहीणबाई," ती म्हणाली. "दोन दिस कुनाच्या हातचं खाल्लं नव्हतं. काल पेज घेतली."

गोदूबाई खाली बसली. "आमी फसवलं तुमाला."

अंबाबाईने हात थांबवले नाहीत. "माझ्या दिराचा पोर हाय, वाघ्या. बावीस वर्साचा. तोबी दहिवलीला जायचा, गुरुवारी. मीच न्यायची." तिने तळहातावर आणखी तेल घेतलं. "साहेब आलं त्या दिशी मी आंब्याखालीच व्हती. तुमी मागल्या बाजूला व्हता. मी वळखलं तुमाला, आन पदर पुढं वढला."

आत ठमी रडत होती.

पदूला ठाण्याला नेलं. आठ महिने तो तिथे होता. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, औषध तुटलं नसतं तर बरं झालं असतं. पुन्हा उलटलेला आजार पहिल्यासारखा आटोक्यात येत नाही. तो घरी आला तो जाड झालेला, संथ पावलांचा, विचारलं तेवढंच बोलणारा. गिरणीचं काम गेलं. मनगट धरल्याचं तो कधीतरी विचारेल, म्हणून गोदूबाई वाट पाहत राहिली. त्याने कधीच विचारलं नाही. त्याला ते आठवत होतं की नव्हतं, हेही तिला कळलं नाही.

आनंदीबाईचं मानधन योजनेबरोबरच बंद झालं होतं. तरी त्या हिवाळ्यात ती, गोदूबाई आणि अंबाबाई गावोगाव फिरल्या. गोदूबाई उंबऱ्यावर बसायची आणि सरळ सांगायची, "माझ्या पोराला हा आजार हाय. मी नाव दिलं नाय, म्हून दवाखाना गेला." कुठे दार लागायचं, कुठे आतून कुणीतरी रडत बाहेर यायचं. त्रेचाळीस घरांनी सह्या आणि अंगठे दिले. अर्ज अलिबागला गेला. जिल्ह्याचं नाव तोवर कुलाब्याचं रायगड झालं होतं. चार महिन्यांनी उत्तर आलं. योजनेची मुदत संपली होती, आणि नवी योजना निघाल्यास विचार होणार होता. आनंदीबाईने ते दोनदा वाचून दाखवलं. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला, त्याला उत्तरच आलं नाही. अंबाबाईचा वाघ्या त्या उन्हाळ्यात विहिरीत सापडला.

मग गोदूबाईने एक रीत धरली. महिन्यातून एकदा पदूला औषधाला ठाण्याला न्यायचंच होतं. ज्यांचे आईबाप जायला लाजायचे, त्यांची पोरंही ती बरोबर न्यायला लागली. कधी दोघं असत, कधी चौघं. सकाळी निघायचं, दिवसभर रांगेत बसायचं, दिवेलागणीला परतायचं. सखा स्टेशनवर घ्यायला यायचा.

एकदा शेलूची ठकी नावाची सोळा वर्षांची मुलगी पहिल्यांदाच तिच्याबरोबर निघाली. पोरीने तीन महिने कुणाशी शब्द काढला नव्हता. तिची आई रेल्वेच्या फाटकापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

"तुमीच न्या, काकी," ती म्हणाली. "माझा पाय उचलत नाय."

गोदूबाईने ठकीचा हात धरला. ठाण्याला रांगेत पाच तास गेले. पदूने डब्यातली अर्धी भाकरी मोडून ठकीच्या पुढे धरली. ठकीने ती घेतली नाही. तोही हात मागे न घेता तसाच बसून राहिला, बराच वेळ, नंबर पुकारेपर्यंत.